चार फोटोंतला हलता टिपका

२ सप्टें., मंगळ.
चार तास पाण्यात गेले. लॅबच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसलं एकदाचं, तर फोटो सगळा काळा. तारा न्हाई का काही न्हाई. शाळांसाठीची शोधमोहीम; संयोजक आकाशाचे फोटो पाठवणार, त्यातून लघुग्रह आम्ही शोधायचे म्हणे, हदगावातून!
लातूरच्या ट्रेनिंगला मला पाठवा म्हणून मुख्याध्यापकांना दोनदा अर्ज दिला. विज्ञान मी शिकवते. गेले कोण? देशमुख सर, इतिहासवाले. आणलं काय? एक फाईल अन् तिथल्या जेवणाची तारीफ.
वर म्हणतात, "शेख मॅडम, मलाबी काळंच दिसलं व्हतं. राहू द्या तसंच."

४ सप्टें., गुरु.
फोटो काळा नव्हताच! उजेड कमी-जास्त करायची पट्टी ओढावी लागते. हे कुणी सांगायचं? मधल्या सुट्टीत रागारागात दिसेल ते बटण दाबत सुटले, पट्टी सरकली अन् तारे उगवले. शेकडो. भर दुपारी.
खुर्चीतून उठले, परत बसले. डबा तसाच.

९ सप्टें., मंगळ.
आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो, काही मिनिटांच्या फरकानं काढलेले. एकामागून एक फिरवायचे. तारे जागचे हलत न्हाईत. हलतो तो लघुग्रह. डोळे चुरचुरून राहिलेत.
डाव्या कोपऱ्यात एक टिपका. चारही फोटोंत, सरळ रेषेत, सारख्या टप्प्यानं सरकून राहिला. तीनदा मोजलं. दुसराही एक आहे, पण दोनच फोटोंत, पुढं गायब. तो कॅमेऱ्याचा डाग.
कागदावर पहिल्यापुढं 'पाठवा', दुसऱ्यापुढं 'पाठवू नका' लिहून सरांकडं दिलं. ट्रेनिंगला तेच गेलेले, लॉगिन त्यांच्या नावाचं ना!

१७ सप्टें., बुध.
मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. मुख्याध्यापक माईकवर, "आपल्या देशमुख सरांनी नवा ग्रह शोधलाय!" सरांनी हात जोडले. टाळ्या. मीपण वाजवल्या. त्याचाच जास्त राग येऊन राहिला.
पायऱ्यांवर गाठलं. "सर, माझं नाव?"
"टीमचं नाव गेलं की मॅडम. तुमचं-माझं काय करता?"
घरी येऊन पर्स आपटली. आमचे हे, सलीम, म्हणाले, "इत्ता गुस्सा? पहले खाना तो खाओ." ताट सरकवलं. त्यांची काय चूक…

१९ सप्टें., शुक्र.
संयोजकांचं पत्र. सरांनी दोन्ही टिपके पाठवले! कागद वाचलासुद्धा न्हाई. विचारलंय, दुसरा कशावरून धरला? पहिल्याची मापं कशी घेतली? सोमवारपर्यंत खुलासा द्या, न्हाईतर दोन्ही रद्द.
दे. सर स्टाफरूममध्ये, अगदी हळू, "दोन ओळी लिहून द्या ना मॅडम. शाळेच्या इज्जतीचा सवाल हाय."
आता इज्जत!
"शोधणाऱ्याचं नाव दुरुस्त करा, लिहिते."
"स्टेजवरून जाहीर झालंय. आता कसं बदलावं?"
"माईक शाळेतच हाय, सर."
बोलले खरी. वह्या उचलून तडक वर्गावर गेले.

२२ सप्टें., सोम.
खुलासा तयार. दोन पानं, खाली माझी सही. सकाळीच सरांच्या टेबलापुढं उभी राहिले. लॉगिन उघडून द्या, मी स्वतः पाठवते. म्हणाले, मुख्याध्यापकांना विचारून येतो.
मधेच मनात आलं, टिपका तर खरा आहे, त्याचा काय गुन्हा? जाऊ दे बिननावाचं. अन् मग स्वतःवरच भडकले. का जाऊ द्यायचं?
तीन वाजले. केबिनचं दार बंदच. आतून दोघांचे आवाज येऊन राहिलेत, शब्द कळत न्हाईत.
पाचला शाळा सुटते, खुलाशाची मुदत आजचीच. पानं माझ्या हातात आहेत.