टँकर धुळीत गेला की

नागपूर, १४ मे २०१६

प्रिय आक्कास, धाकट्याचा नमस्कार.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. मी बरा आहे, डबाही चांगला मिळतो.

इथे कॉलेजची मुलं हातभर लांबीचं रॉकेट उडवतात. त्यातून येणाऱ्या संदेशांवरून त्याच्या उंचीची रेघ स्क्रीनवर काढणारं सॉफ्टवेअर मी लिहितोय. काल संदेश मधेच थांबले, तरी सॉफ्टवेअरने अंदाजाने रेघ पुढे ओढली: पॅराशूट उघडलं, सावकाश उतरतंय. मुलं निर्धास्त पुढे गेली आणि रॉकेट त्यांच्याजवळच दगडासारखं आदळलं. कुणाला लागलं नाही. पण सुबक रेघेचा मोह माझाच.

आता संदेश थांबले की रेघही थांबेल. माझ्यासोबत काम करणारा आपल्या बीडचा जमील म्हणाला, "परवा रॉकेट बघायला पाव्हणे येणारेत. तुटकी रेघ बघून हसतील बे!"

"हसू दे," म्हटलं.

तू आठवलीस. सोसायटीच्या गोदामावर चढून टँकर कुठवर आला ते गावाला सांगायचीस. धुळीत गेला की "दिसंना!" एवढंच ओरडायचीस. अंदाजाने "आला" कधी म्हणाली नाहीस, म्हणून घागरी घेऊन उन्हात कुणी उगाच धावलं नाही.

यंदाही तूच चढतेस का? गुडघा कसा आहे? खरं लिही.

तुझा,
रामकिसन

ता. क. माझं उद्याचं काम: स्क्रीनवर रेघ तुटते तिथे मोठ्या अक्षरांत "दिसंना" लिहिणे.