मागच्या सीटची व्यवस्था

२ फेब्रुवारी
गाडी आली. लाल, दोन दारांची, बुटकी. स्पोर्ट्‌स कार. निवृत्तीनंतर माणसाने एक तरी अविचार करावा, मात्र तो पूर्ण विचारांती करावा, असं माझं मत आहे. यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, काचेला नाक लावलं आणि विचारलं, अगं, मागे सीट आहे की नुसतं सीटचं चित्र काढलंय?
दुर्लक्ष केलं. मागे सीट आहे. जरा संकोची आहे, एवढंच.

३ फेब्रुवारी
लेक गाडी बघायला आली. पुढच्या महिन्यात बाळंत होईल. गाडी पाहून इतकी हसली की पायरीवर बसवावं लागलं. मग म्हणाली, आई, हॉस्पिटलातून बाळाला घेऊन मी सासूबाईंच्या गाडीतून येणार, तू मनाला लावून घेऊ नकोस. विहीणबाईंची गाडी म्हणजे चाकं लावलेला दिवाणखाना. त्याही सोबत होत्या. म्हणाल्या, गोड आहे हो तुमची गाडी, हिचा उरलेला अर्धा भाग कधी येणार?
निश्चय: नातवंड माझ्याच गाडीतून घरी येईल. लेकीकडून कबूल करून घेतलं. मागे बाळाची खुर्ची बसली, बाळ तीत नीट अडकवता आलं, तर मी गाडी चालवणार, लेक पुढे बसणार, बाळ मागे. ती हो म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.
मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझं आयुष्य गेलं. दोघींच्या खोलीत चौघी राहिल्या आहेत, त्यातल्या एकीच्या शिलाई मशीनसकट. जागा कधीच कमी नसते. व्यवस्था कमी पडते.

६ फेब्रुवारी, सकाळी
पहिली चाचणी. यांना मागे बसवलं. आत जाताना अडचण नाही, फक्त मान शेवटी न्यायची. कसं वाटतंय विचारलं. आवाज वेगळाच आला. म्हणाले, माझे गुडघे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.
मी याला अनुकूल मत धरते. बाहेर काढताना डावा बूट आत राहिला. सापडत नाही. इतक्या लहान जागेत बूट हरवू शकतो, म्हणजे जागा लहान नाही.

१० फेब्रुवारी
गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकला सांगितलं, शेजारची सीट पार पुढे सरकव. तो म्हणाला, मॅडम, मग पुढे कोण बसणार? मी म्हटलं, सांगितलं तेवढं कर. केलं. मागे एकदम मोकळं! येताना हे मागे आडवे झाले आणि चक्क घोरले. मी जोरात गाणं म्हटलं. मला गाणं येत नाही.
विजय.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
पुढे लेक बसायची आहे. तिथे आता पाकीट बसेल.

११ फेब्रुवारी
पुन्हा गॅरेज. सीट पूर्ववत. गेलेच होते म्हणून आणखी एक काम उरकून घेतलं. पुढची सीट वाकवायचं लिव्हर मागच्या माणसाच्या हाताला येतं. यांनी काल ते उगाच ओढलं आणि सीट यांच्याच अंगावर आली. वसतिगृहात मी सगळ्या कड्या बाहेरच्या बाजूने करून घेतल्या होत्या. तीस वर्षं तक्रार नाही. किंवा माझ्यापर्यंत आली नाही. तर लिव्हर दाराच्या बाजूला नेलं. स्प्रिंगही चांगली कडक घालायला सांगितली. मेकॅनिकने डोकं खाजवलं. म्हणाला, मॅडम, मग आतलं माणूस बाहेर कसं येणार?
बाहेरच्याने येऊ दिल्यावर, म्हटलं.

१८ फेब्रुवारी
जावई बाळाची खुर्ची घेऊन आले. उंच, अबोल, सुस्वभावी. खुर्ची दारातून जाईना. मी सूचना देत होते. एका क्षणी जावयांचं डोकं आणि एक हात गाडीत आणि बाकी सगळे जावई रस्त्यावर, अशी स्थिती होती. शेजारचे शिंपी खुर्ची टाकून बघत बसले. म्हणाले, बाई, हे माप मला आधी दाखवायचं होतंत.
शेवटी डिकीतून घातली. बसली! चालकाच्या मागे, अशी घट्ट की हलता हलेना. बाहेरही येत नाही. जावई घाम पुसत म्हणाले, आई, ही आता गाडीचाच अवयव झाली.
त्यांच्या तोंडून इतकी स्तुती प्रथमच ऐकली.

१९ फेब्रुवारी
अंतिम चाचणी. बाळाच्या जागी पिठाची पिशवी. बाहेर उभं राहून बक्कलपर्यंत हात पोचत नाही, म्हणून मी स्वतः खुर्चीशेजारी शिरले. माझा बांधा अजून सुटसुटीत आहे. पट्टा अडकवला. खट्‌ असा आवाज आला. इतका सुंदर आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. यांनी बाहेरून लिव्हर ओढून मला सोडवलं. पद्धत उत्तम चालते.
मग विहीणबाईंच्या घरावरून मुद्दाम गाडी नेली. वळणावर पिशवी फुटली. हे पुढे बसले होते, पांढरे उतरले. विहीणबाई गॅलरीतून म्हणाल्या, अहो, बाळाला पावडर जरा जास्तच झाली!
दोष पिशवीचा. बाळाला शिवण नसते.

१५ मार्च
नात झाली! दोघी सुखरूप. नाक माझं. विहीणबाईंना ते त्यांचं वाटतं. बाळंतपणाच्या दिवशी मी वाद घालत नाही, उद्या घालीन. हे सारखे हसतायत आणि डोळे पुसतायत, दोन्ही एकाच रुमालात.
लेकीला अटीची आठवण करून दिली. ती म्हणाली, आई, आत्ता? मग म्हणाली, बरं बाई, तुझ्या गाडीतून.
गाडी दोनदा धुतली.

१८ मार्च, सकाळी
आज घरी आणायचं. विहीणबाईही येतायत, त्यांच्या दिवाणखान्यासह, गरज लागली तर म्हणून. त्यांनीही बाळाची एक खुर्ची घेऊन ठेवलीय. नको म्हटलेलं असताना. गरज लागणार नाही.

१८ मार्च, संध्याकाळी
सविस्तर लिहायला हवं, कारण घरात या विषयावर वेगवेगळ्या कथा सुरू झाल्या आहेत.
हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली. यांना वर पाठवलं. म्हटलं, तोवर पट्टे सैल करून ठेवावेत. सीट वाकवली, मागे शिरले, खाली वाकले. तिथे यांचा डावा बूट सापडला! आनंदाने बूट उंच धरला, तो पुढच्या सीटला लागला, आणि नवी स्प्रिंग असल्याने सीट खाडकन मागे येऊन बसली. लिव्हर बाहेरच्या बाजूला. मी आतल्या बाजूला. एका अंगाला बाळाची खुर्ची, जी हलत नाही. पर्स पुढे, फोन पर्समध्ये.
घाबरले नाही. मागे माझी छत्री होती. तिच्या टोकाने हॉर्न दाबला. पहिल्या खेपेला वायपर सुरू झाले.
रखवालदार आला. म्हणाला, बाई, इथे हॉर्न वाजवायला मनाई आहे. मी म्हटलं, नियम योग्य आहे. त्याने वाकून पाहिलं. विचारलं, तुम्हाला आत कुणी कोंडलं? मीच, म्हटलं. मग मी त्याला लिव्हर दाखवलं, ओढायला सांगितलं. त्याने ओढलं. लिव्हर त्याच्या हातात आलं. मुकाट्याने आत हात घालून त्याने ते मला दिलं.
तेवढ्यात सगळे आले. पुढे हे आणि जावई पिशव्या घेऊन, मागे लेक, विहीणबाईंच्या कुशीत नात. माझ्या एका हातात बूट, दुसऱ्यात लिव्हर. लेक म्हणाली, आई, मला हसवू नकोस, टाके दुखतात, आणि हसतच सुटली. मी म्हटलं, तुम्ही बाळाला द्या आत, मी इथून अडकवते, मेकॅनिक काय, नंतरही भेटेल. लेकीने हसणं थांबवलं. म्हणाली, बाळ उन्हात आहे गं. तू बाहेर येईपर्यंत ती शाळेत जायला लागेल.
विहीणबाई एवढंच म्हणाल्या, अहो, बघून तरी घ्या तिला. आणि नातीला खिडकीपाशी आणलं. नातीने काचेवर जांभई दिली. काचेवर वाफ आली. ती काच अजून पुसलेली नाही.
मग ती मंडळी दिवाणखान्यात बसून गेली. मागोमाग आमची गाडी. हे चालवत होते, अगदी सावकाश, कारण ओरडायला मी मागे होते आणि माझा आवाज गुडघ्यांत अडकत होता. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवते. नात आणि मी एकाच वेळी, एकाच रस्त्याने, मागच्या सीटवरून घरी निघालो. फक्त गाड्या दोन होत्या. आणि चौकात मी गॅरेजकडे वळले.
मेकॅनिकने पान्याने सीट सोडवली. आतलं माणूस बाहेर कसं येणार, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. सभ्य माणूस आहे.

२१ मार्च
नातीला मांडीवर घेऊन तासभर बसले. मांडीवर ती बरोबर मावते. काहीही सरकवावं लागलं नाही.
हे म्हणाले, गाडी बदलू या का? विचार करून सांगते, म्हटलं. केला नाही.

२ एप्रिल
दुपारी लेकीचा फोन. डायपर संपले, जावई ऑफिसात, विहीणबाईंची गाडी दुकानाच्या गल्लीत वळत नाही, आई, तू येशील का पटकन? पटकन! दहा मिनिटांत पोचले. विहीणबाई दारातच म्हणाल्या, आज मात्र तुमची गाडी पुरी वाटली हो.
एक मोठा पुडा मागे बसतो. सीटवर नव्हे, तिथे आता यांचा उजवा बूट आहे. बाळाच्या खुर्चीत बसतो, कारण ती निघत नाही. कोपऱ्याला कोपरा, जणू मापाने शिवलेला. फुटू नये म्हणून मी पट्टा लावते. खट्‌.

९ एप्रिल
आज डायपरची तिसरी फेरी. मागच्या सीटचा प्रश्न सुटला आहे. असाच सुटेल, हे मी पहिल्यापासून म्हणत होते.
सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी लाल गाडी न्याहाळली, मग मागे वाकून खुर्ची पाहिली. कौतुकाने विचारलं, झोपलंय वाटतं?
हो, म्हटलं. शिस्त आहे.