दोन क्लॅरिनेटांचा कागद

परंडा, ता. ८ जून

तीर्थस्वरूप बुद्धघोषमामांस,

भाच्याचा परंड्याहून मानाचा जयभीम. इथं आई, आण्णा आणि शेळ्या ठीक आहेत. तुमच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आता डावा कुरकुरतोय असं आईकडून कळलं, काळजी घ्या. मामींना नमस्कार. मागच्या वेळी त्यांनी कॉलेजचं विचारलं आणि मी ताटावरून उठलो, ते मनात ठेवू नये म्हणावं. कालवण चांगलं होतं.

पत्राचं कारण तुमची ट्रंक. पोलीस बँडात तुम्ही अठ्ठावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलंत, तेव्हा तिच्यात नोटेशनचे कागद असणारच. मला दोन क्लॅरिनेटांनी वाजवायचं कायतरी पाहिजे. लग्नात कधी न वाजलेलं, आणि ऐकणाऱ्यानं हातातला चहा थंड होऊ द्यावा असं.

कॉलेज मी सोडलं हे घरच्यांचं म्हणणं. खरं म्हणजे एका सरांनी माझ्या क्लॅरिनेटला पिपाणी म्हटलं. मी वही मिटली, धाराशिवचं स्टँड गाठलं आणि रागाच्या भरात पाटी न वाचता यष्टीत बसलो ते परंड्याऐवजी येरमाळ्यात उतरलो. (पाटी वाचली असती तर आज मी पदवीधर असतो आणि रात्री झोपत असतो.) तिथं एका टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला व्यंकटमास्तरांचा बँड लागला होता आणि पुढं क्लॅरिनेटवर मास्तरांची लेक संघप्रिया. शेवटचा सूर तिनं असा सोडला, जसं झोपलेलं लेकरू खांद्यावरून खाली ठेवावं. त्या क्षणी सरांना माफ करावं वाटलं. केलं न्हाई.

पुढं चार महिने मी त्यांच्या बँडात फुकट वाजवलं. ती पोलीस बँडाच्या भरतीची तयारी करत होती, त्यामुळं तिचा सगळा विश्वास कागदावर. एक दिवस म्हणाली, ‘लग्नाची गाणी कुणीबी वाजवतंय. दोघांनी वाजवायचं कायतरी आण, लिहिलेलं. वाचता येतं ना तुला?’ मी म्हणालो, येतं की.

धाराशिवात पेटीवाल्याकडं भजनाची पुस्तकं निघाली. मग इंटरनेटवरून परदेशी कागद उतरवले, पाच रेघांवर ठिपक्यांत सूर लिहिलेले. तर झेरॉक्सवाल्या महारुद्रला वाटलं, मशीनची शाई उडालीय. त्या गड्यानं तीन पानांवरचे ठिपके बसून व्हाईटनरनं पुसले आणि वर म्हणतो, ‘ह्याचे पैसे नगं, दोस्तीत!’ (आता आम्ही बोलत न्हाई.) शेवटी परंड्यातल्या जुन्या बँडवाल्या चाचांच्या घरी निजामाच्या काळातली वही सापडली. सगळे सूर उर्दू अक्षरांत. चाचा नमाजला गेले होते. त्यांच्या नातीनं सात सुरांची सात अक्षरं दाखवली. ती पुढंबी कायतरी सांगत होती, पण मला दम कुठला. वही घेऊन घरी आलो, मराठीत उतरवली आणि पंधरा दिवस घासली.

एप्रिलात मास्तरांचा बँड परंड्याला आला, तेव्हा वही परत करायच्या निमित्तानं संघप्रियाला चाचांच्या अंगणात नेलं आणि डोळे मिटून वाजवलं. उघडले तर चाचा कपाळाला हात लावून. ‘बेटा, तुमने तो दूल्हे को घोड़े पर से उतारके उलटा घरकू भेज दिया!’ चीज नवरदेवाच्या वरातीची निघाली, आणि उर्दू उजवीकडून वाचतात, मामा. मी प्रत्येक ओळ डावीकडून वाचली होती; सबंध चीज मागून पुढं. संघप्रिया एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मी क्लॅरिनेट पेटीत कोंबून निघालोच होतो, तर तिनं बाही धरली. ‘जाऊ नगं. परत वाजव. असं कधी ऐकलं नव्हतं.’

तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा ती ऐकत ऐकत स्वतःच्या वहीत पेन्सिलीनं लिहीत होती. मे महिन्यात तिची निवड झाली, ट्रेनिंगला गेली. अशोक विजयादशमीला सुट्टी मिळाली तर येईल. येरमाळ्यावरून यष्टी गेली की मी अजून त्या टायरच्या दुकानाकडं बघतो. तिथं आता नुसते टायर आहेत.

तुमचा भाचा,
अमरदीप

ता.क. ट्रंक उघडू नका, गुडघ्याला त्रास होईल. ती नुसतं निमित्त होती, कागद माझ्याकडं आहे. ट्रेनिंगला जाताना तिनं तिच्या वहीतलं पान फाडून दिलं: वरच्या ओळीवर तिचं नाव, खालच्या ओळीवर माझं. वरची ती माझीच उलटी चीज असावी, खालची स्वतः रचलीय म्हणाली. मामा, मला नोटेशन वाचता येत न्हाई. एक ठिपकाबी न्हाई. महिनाभर माझी ओळ उशाशी आहे आणि ती कशी वाजते हे मला म्हाईत न्हाई. गुरुवारच्या यष्टीनं सोलापूरला येतोय. शिकवा. रागवा, पण शिकवा. मामींनी कॉलेजचं विचारलं तरी ताटावरून उठणार न्हाई.

ता.क. दुसरं: माझ्या ओळीत शेवटी ठिपकेच न्हाईत. पाच रेघांत नुसत्या बारक्या काळ्या पट्ट्या लोंबत्यात, आणि वर तिची ओळ एकटीच चाललीय. तिथं गप्प राहून तिचं ऐकायचं असेल, तर किती वेळ ते आधी मोजून ठेवा. तेवढं मला जमवायचंय.