मंगळवारी येणारा ताप

३ फेब्रुवारी, सोमवार

टेप घेऊन माणूस वर्गात! अपूर्णांक चालू होते, आणि हा टायवाला न विचारता आत येऊन भिंत मोजायला लागला. "चालू द्या, बाई, तुमचं." चालू द्या म्हणे! माझ्याच वर्गात मला परवानगी! विचारलं, भिंत कशाला मोजताय? तर कंपनीला आराखडा हवाय. अहो, शाळा अजून सरकारची आहे! चौथीच्या परीक्षेत सरासरी साठच्या खाली गेली, तरच ती कंपनीला चालवायला जाणार. हे गुडघ्याला बाशिंग बांधूनच आलेत.

मुलांचं लक्ष उडालं ते उडालंच. टेपचं दुसरं टोक धरायला भिंगरी धावली. नाव मीच पाडलंय— या पोरीचं बूड म्हणून बाकाला टेकत नाही.

४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या वर्गातली पाच मुलं अठरा तारखेला परीक्षेला आली नाहीत तर बरं."

का?

"आजारी असतील."

अजून दोन आठवडे आहेत की!

"पडतील आजारी." बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत, असा नियम आहे. पाचही घरी फोन मी करायचे. यादीत भिंगरी पहिली.

नाही करणार! तोंडावर सांगून आले. "पाच जणांपायी सगळ्या शाळेचं वाटोळं करशील," म्हणाल्या. हे मात्र घरापर्यंत माझ्या पाठीमागे आलं.

५ फेब्रुवारी

भांडी घासताना उत्तर सापडलं. मुलांना बाहेर ठेवून वाचवायची ती शाळा कसली? कंपनी वेगळं काय करणार? निवडूनच घेणार ना? मग तिच्या आधी आपणच चाळण लावायची?

नवरा म्हणाला, "तुझ्या जिभेला हाड नाही." म्हटलं, कुणाच्याच नसतं. हसला. मग हळूच— "आणि काढून टाकलं तर?"

भीती वाटते. वाटू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

मी नाही केले, तर कारकुनाकडून फोन करवले!

शाळा सुटताना फाटकात इस्त्रीवाली उभी— भिंगरीची आई. "बाई, पोरगी ठणठणीत आहे, आणि शाळेतून फोन येतो की पुढच्या मंगळवारी तिला ताप येणार! तुम्हाला आधीच कसं हो कळतं?"

थाप मारता आली असती. नाही मारली. तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आधी ती हसली. मग विचारलं, "एवढी ढ आहे का माझी?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या! तिच्यावर नाही— हे विचारायची वेळ तिच्यावर आणणाऱ्यांवर. म्हटलं, ढ नाही. अक्षरं तिला उशिरा लागतात, पण लागतात. परवा तिने अख्खी ओळ एकटीने वाचली, तर वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं नव्हतं कुणाला.

ती पिशवी उचलून तरातरा निघून गेली.

१२ फेब्रुवारी

सगळ्या वस्तीचे कपडे इस्त्रीवालीकडे जातात. कपड्यांबरोबर बातमीही घडी होऊन घरोघरी गेली! आज पहिल्या नंबरवालीचे वडील शाळेत आले. नळदुरुस्ती करतात, हातात पाना तसाच. पटांगणात उभं राहून मोठमोठ्याने— "आज यांच्या पोरांना ताप आणताय, उद्या आमच्या पोरांना आणाल!"

मोठ्या बाई बाहेर आल्याच नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नोटीस मिळाली. "पालकांना चिथावणी." चौकशी होईपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही. चिथावणी! विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, एवढंच केलं मी.

जिन्यात मोठ्या बाई भेटल्या. "माझी निवृत्ती तोंडावर आलीय गं. आता या वयात मी कुणाशी भांडू?" वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहायला मला यांनीच शिकवलं होतं. म्हणून तर जास्त संताप आला. "मग मी भांडते," म्हटलं आणि खाली उतरले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरात बसून जीव नकोसा झालाय. सगळी कपाटं आवरून झाली. नवरा म्हणतो, आता मलाही घडी घालून ठेवशील!

संध्याकाळी इस्त्रीवाली आली. "उद्या कुणीच पोरं पाठवायची नाहीत, असं ठरलंय. गुणच नाहीत, तर सरासरी काढतील कशाची?" मला वाटतं, हुशार मुलांचे आईबाप ऐन वेळी शेपूट घालणार. आपल्या पहिल्या नंबराचा पेपर कोण बुडवेल? पण तिच्यापुढे बोलले नाही. पाणी दिलं, पाठ थोपटली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंचा फोन. चौथीचा वर्ग रिकामा! पहिल्या नंबरवालीसुद्धा नाही! वरून आलेले अधिकारी म्हणाले, साथ आलीय असं लिहून द्या, कुणाला काही होणार नाही.

"नाही लिहिलं," बाई म्हणाल्या. "लिहिलं, मुलं ठणठणीत आहेत. त्या पाचांना घरी ठेवा असं मीच सांगितलं होतं. आणि सही केली."

म्हटलं, बाई, तिथे एकट्या बसू नका, सरळ माझ्याकडे या. चहा टाकते.