उघडी चौकशी

१४ मार्च, दुपार

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र येऊन वर्ष होत आलं आणि मी उत्तर पाठवलं नाही. माफ कर. कामाचं निमित्त सांगणार होते, पण कामं असलेली माणसंही पत्रं लिहितात.

आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबा त्याच्याहून जास्त. मला हल्ली हॉस्पिटलात आपत्ती नियोजनाचं काम आहे. आग लागली, पूर आला, बस उलटली, तर कोणी कुठे उभं राहायचं ते आधीच ठरवून ठेवायचं आणि वर्षातून एकदा खोटंखोटं करून बघायचं. परवा ती रंगीत तालीम झाली. कारखान्यात स्फोट झालाय असं धरलं होतं.

तू बघायला हवं होतंस. ज्या बोळात रोज ट्रॉलीला ट्रॉली अडते आणि भांडणं होतात, तो भोंगा वाजताच रिकामा झाला. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येक जण आपापल्या जागी जाऊन उभा राहिला आणि पहिली रुग्णवाहिका येईपर्यंत सगळे गप्प. हे सगळं मीच लिहिलेलं, तरी अंगावर काटा आला.

जखमींचं नियोजन त्यामानाने सोपं असतं. अवघड असतात नातेवाईक. म्हणून यंदा खोटे नातेवाईकही आणले. बाबांच्या सकाळच्या फिरण्यातली मंडळी हौसेने तयार झाली. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली होती, कोणाला शोधायचं त्याची. बाबांच्या चिठ्ठीत पुतण्या होता, चष्मेवाला.

चौकशीच्या खिडकीवर हॉस्पिटलातल्या एक जुन्या कर्मचारी बाई होत्या. बाबा माझे वडील आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कोणाला शोधताय, आजोबा?"

"मुलाला."

मला वाटलं, चिठ्ठी विसरले.

"नाव?"

"घरात टिल्लू म्हणतो. पण उंच आहे हं, माझ्या डोक्यावरून जातो."

"वय?"

"अडतीस. पुढच्या महिन्यात एकोणचाळीस."

"काही खूण?"

"डाव्या भुवईत खाच आहे. सायकल शिकताना पडला, मीच हात सोडला होता. करंगळी जरा वाकडी. खोटं बोलायचं असलं की आधी खोकतो."

"अंगावर कपडे कुठले?"

इथे ते थांबले. "गेला तेव्हा करडा शर्ट होता. आता कुठला असेल, सांगता यायचं नाही."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला. तातडीचा विभाग. हाडांचा वॉर्ड. भाजलेल्यांचा वॉर्ड. शस्त्रक्रियागृह. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी खाटांजवळून फिरून, भुवया बघून, नाही म्हणून सांगत होतं. शेवटी आवाज बारीक करून त्यांनी शवागारात विचारलं. तिथूनही नाही आलं, तेव्हा बाबांनी श्वास सोडला.

मी हातातला तक्ता छातीशी धरून चार पावलांवर उभी होते. खरा धोका असल्याशिवाय तालमीच्या नियंत्रकाने, म्हणजे मी, मध्ये पडायचं नाही, असा नियम आहे. मी पडले नाही. नियम पाळला की नियमाआड लपले, हे अजून मला ठरवता येत नाही. कारण अख्खं हॉस्पिटल तुला शोधत होतं आणि तुझा पत्ता माझ्या पर्समध्ये होता.

बाबांना पत्ता देऊ नकोस, असं तू लिहिलं होतंस. मी शब्द पाळला. 'पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस' असं ते म्हणाले होते, हे मी विसरलेले नाही. आयुष्यात त्यांचं तेवढं एकच तू ऐकलंस.

नंतर दर अर्ध्या तासाने एक नर्स यायची, बाबांसमोर खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "अजून कळलेलं नाही. शोध चालू आहे." सांगण्यासारखं काही नसलं तरी येऊन सांगायचंच, असं ठरलेलं आहे. बाबा दर वेळी "आभारी आहे" म्हणायचे.

बाकीच्यांची माणसं सापडली. अग्निशमन अधिकारी म्हणाले, "मॅडम, संपलं म्हणा आता, चहा गार होतोय." मी बाईंना ती चौकशी बंद करायला सांगितली.

"कशी करू? सापडला तर बंद करायची, हे तुम्हीच शिकवलंत."

मग मी तालीम संपल्याचं जाहीर केलं आणि ती चौकशी तशीच उघडी राहू दिली.

रिक्षात बाबांनी ती चिठ्ठी मला परत दिली. "हा चष्मेवाला काही आपल्या ओळखीचा नाही," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी माणसं चांगली आहेत. एकानेही 'येईल हो' म्हटलं नाही." या माणसाला मी रोज जेवायला वाढते, टिल्लू, आणि मला वाटायचं की मी त्यांना ओळखते.

आमचा अजून एक नियम आहे. रुग्ण शुद्धीवर असला आणि कोणाला कळवू नका म्हणाला, तर तो कुठल्या खाटेवर आहे हे आम्ही सांगत नाही. पण तो आहे, एवढं नातेवाइकांना सांगतो. तेवढं त्यांचं असतं.

पत्ता मी देणार नाही. तो द्यायचा की नाही हे तू कळव, पण कळव. न खोकता.

तुझी,
ताई

उद्याचं काम: बाबांना सांगणे, सापडला आहे, शुद्धीवर आहे.