छत्तीस हात

पौष शुद्ध ४, शके १७८६. अमरावती

कीचकाचा दात म्हणे! सकाळपासून अर्धी पेठ आमच्या ओसरीवर. काल हे शाळेतून येताना रुमालात बांधून घेऊन आले. कापसासाठी आलेल्या कच्छी दलालाने दिला. त्याच्या मुलखात कोरड्या ओढ्यात सापडला. काळा, जड, तळहात भरून, कडा करवतीसारख्या. हाडाचा पार दगड झालाय.

सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. "भीमानं कीचक मारला न् चिखलदऱ्याच्या दरीत फेकला, तवाचा हाये हा." मी म्हटलं, कीचक इथे मेला तर त्याचा दात कच्छात कसा गेला? एवढंच म्हटलं! तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले कोणं इचारलं?"

कोणीच नाही. तेच तर!

पौष शुद्ध ६

नसीमबानोकडे गेले होते, भिंतीपलीकडे. तिच्या नवऱ्याच्या, अब्दुल गफ्फारच्या, गाड्या कापूस घेऊन मुंबईकडे जातात आणि येताना मीठ, सुकी मासळी आणतात. अंगणात एक अख्खी मुशी टांगलेली. समुद्रातला मासा, वाळून खडखडीत, जबडा वासलेला. सहज आत डोकावले आणि अंगावर काटा आला. तोच दात! तसाच तिकोनी, तशाच कडा, फक्त इवलासा.

"काय पाहून राहिली वं? चावते काय ते आता?" नसीमबानो हसत होती. मी तिला दात कसा आहे ते सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "या अल्ला! एवढा दात, तर जनावर केवढं असंल?"

केवढं असेल? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. गफ्फारभाईंचे नातलग जन्मभर दर्यावर असतात, पण तळहाताएवढ्या दाताचा मासा कोणी पाहिला नाही म्हणे. म्हणजे आता तो नाहीच. कधी काळी होता आणि संपला.

पौष शुद्ध ७

भाकरी करपली. "काहून वं, दात मोजून पोट भरते काय?" सासूबाई. भरतं! माझं भरतं!

माशाची लांबी काढताना आधी चुकलेच. घाईत मुशीचा मागचा दात धरला, तो बारीक, आणि मासा आला बहात्तर हात! खूश झाले. मग जबडा पुन्हा बघितला. पुढचे दात मोठे आणि मागे मागे लहान होत जातात. आपला दात दोन्हीकडून सारखा, सरळ, म्हणजे पुढचा. पुढच्याशी पुढचाच लावायला हवा. पुन्हा मांडलं. मुशीचा पुढचा दात अर्धं बोट, हा सहा बोटं. बारा पट. मुशी तीन हात. वडलांनी माहेरी, भातकुलीला, शिकवलेलं त्रैराशिक. छत्तीस हात!

वाळलेला मासा आखडतो, तेव्हा छत्तीस हे कमीत कमी. आणि दात वाढतो तसंच अंग वाढतं हे धरून चाललेय, तेही खरं कशावरून? पण कीचकापेक्षा बरं.

बंबात लाकूड घालता घालता यांना सांगितलं. दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं, आवडलं.

पौष शुद्ध ९

आवडलं तर! इतकं आवडलं की स्वतःचंच करून टाकलं!

अकोल्याला साहेबांनी प्रदर्शन भरवलंय. सरकी, नांगर, बैल. तिकडे अमेरिकेत लढाई चाललीय, इकडे वऱ्हाडात जो तो कापसाच्या मागे, वरणातसुद्धा कापसाचे तंतू निघतात! त्या प्रदर्शनात हे दात मांडणार. शेजारी पाटी. पाटीवर 'छत्तीस हात लांबीचा मासा', खाली 'हिशेब करणार' आणि यांचं नाव. ओसरीवर बसून लोकांना समजावून सांगत होते— पुढचा दात, मागचा दात! माझेच शब्द! मी आत पीठ मळत होते. परातीत मुठी आपटल्या, दुसरं काय करणार?

पौष शुद्ध १०

भांडले. आज तोंड उघडलंच.

म्हटलं, पाटीवर माझं नाव लिहा.

"बायकोचं नाव चारचौघांत कोण घेते? तू घेते काय माहं?"

नाही घेत. इथे, या कागदावर, जिथे कोणी बघणार नाही, तिथेही 'हे'च लिहिते. पण मी यांचा हिशेब चोरलेला नाही!

आणि दोरी! छत्तीस हातांची दोरी करून नेणार आहेत. हाताहातावर गाठ. तीही स्वतःच्या हाताने मोजताहेत, कोपरापासून बोटापर्यंत. म्हटलं, मुशी मी माझ्या हाताने मोजली, ती तीन हात माझे. दातांना बोट कोणाचंही चालतं, कारण तिथे नुसतं 'किती पट' एवढंच बघायचं. पण लांबीला हात कोणाचा ते सांगावंच लागतं. तुमचा हात लांब, मासा फुकट वाढेल.

"हात म्हणजे हात. आता मले शिकवते काय तू?"

मास्तर! पोरांना गणित शिकवतात हे! आमचा छत्तीसचा आकडा आहे तो उगाच नाही.

पौष शुद्ध ११

गेले. बैलांच्या दमणीत दात, दोरी, पाटी. गफ्फारभाईही बरोबर, त्यांची मुशी दाताशेजारी मांडायला. निघताना हे म्हणाले, "काई आणू काय अकोल्याहून?" मी नुसती मान हलवली. नको.

पौष शुद्ध १५, संक्रांत

तीळगूळ वाटला. गोड बोला म्हणे. कोणाशी?

पौष वद्य ८

परत आले. पाय धुतले, पाणी मागितलं, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

गल्लीत मात्र त्यांच्या आधी बातमी. साहेबाने मुशी उचलून दोरीवर ठेवली. तीन गाठींना पुरायला हवी ती तिसरीच्या बरीच अलीकडे संपली! "ये हात किसका है?" गर्दीतून कोणी ओरडलं, "कीचकाचा!" हसून हसून लोक लोळले म्हणे. मास्तरांचा हिशेब खोटा, आता दाणापेठेत पोरं दोऱ्या घेऊन फिरतात.

सासूबाई म्हणतात, नजर लागली. कोणाची ते माझ्याकडे बघून म्हणतात.

मला बरं वाटायला हवं होतं. पण नाही! माझे छत्तीस खोटे ठरले! इतकी जपून, दोनदा मांडून काढलेली लांबी! चोरायचं होतं तर नीट तरी चोरायचं!

ताट वाढलं आणि आदळलं. हे खाली मान घालून जेवले.

पौष वद्य ९

नसीमबानोने भिंतीवरून हाक मारली. "माही मुशी तुटून आली, पन तुले सांगतलं का मास्तरनं?" काय? "तुले सांगतलंच नाई!"

लोक हसत होते, साहेब पुन्हा विचारत होता, हात कोणाचा? गफ्फारभाईंना वाटलं, आता मास्तर पळतात. मग भर मांडवात, पाटलांसमोर, साहेबासमोर, उखाणा नाही, काही नाही— हे मोठ्याने म्हणाले, "हात माह्या बायकोचा, कौशल्याचा हाये. हिशेबबी तिचाच. चुकली ते माही दोरी." आणि पाटीवरचं स्वतःचं नाव उपरण्याने पुसलं.

राग गेलेला नाही. ओसरीवर बसलेत, मी मागितलेली नसताना माझ्या हाताने मोजायला नवी दोरी घेऊन.

चंद्रभान.

लिहिलं यांचं नाव.