शेठना खाली आणलं

प्रिय कुंजल,

शेठच्या पुण्यतिथीला सकाळी रामधून ऐकून मी मंदिरातून थेट कार्यशाळेत गेलो. आपल्याकडे काम करणारी, पायांनी अधू मुलं एकेक करून येत होती. त्यांना बाकावर बसवून मी प्रत्येकाच्या बुटांना पॉलिश केलं, पायांना बांधलेल्या सळयांच्या, कॅलिपरच्या सांध्यांत तेल सोडलं. शेठचा दिवस, मुलं नीट दिसायला हवीत, एवढंच मनात होतं. जशोदा मात्र मला सोडेना. "नारणभाई, एवढं चकचकीत कशाला? नवरा बघून ठेवलाय का? असला तर तो तरी पायांवर धड उभा राहणारा बघा!" सगळे हसले. जशोदाचा हात पितळेवर असा चालतो की जामनगरचे जुने कारागीर थांबून बघतात, आणि जीभ त्याहून धारदार.

बिपिनभाईंनी या वर्षी कार्यशाळेच्या अंगणात संगमरवरी चौथरा बांधून वर शेठचा अर्धपुतळा बसवलाय. तुझा भाऊ पैसा सोडत नाही असं मी म्हणणार नाही. नवी यंत्रं आली, मुलांचं जेवण सुरू झालं. पण त्या दिवशी हार घालायची वेळ झाली आणि एक स्वयंसेवक ओरडला, "पायताणं खाली काढा, मग वर चढा!" आपल्याकडची रीतच ती, त्याचा काय दोष? जशोदा म्हणाली, "भाई, हे पायताण नाही, पाय आहेत. सळया बुटातच बसवल्यात. काढून तुमच्या हातात देऊ?" मी पुढे होऊन बिपिनभाईंना सांगितलं. ते हसून म्हणाले, "अरे नारणभाई, पाच मिनिटांचा तर प्रश्न. पप्पांसमोर बूट शोभतात का? मोठमोठी माणसं आलीत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं.

मग त्या पोरीने पट्टे सोडले. हाताच्या पंजांवर अंग ओढत ती चौथरा चढली. मागून बाकीची मुलं. फोटोवाला म्हणाला, "बेन, इकडे बघा, जरा हसा." लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. टाळ्या, कुंजल! माझ्या अंगाची अजून लाही होते.

तोच फोटो आता तुमच्या कारखान्याच्या फाटकावर माणसाएवढा लागलाय. काढा म्हटलं, तर बिपिनभाई म्हणतात, "तो बघून किती जण मदत करायला पुढे आले, माहीत आहे? पप्पांचंच नाव होतंय." आणि आता दर पूनमला, म्हणजे दर पौर्णिमेला, मुलांनी असाच हार घालायचा, असं ठरलंय. जशोदाने येणं बंद केलं. घरी गेलो तर दाराआडून म्हणाली, "काम गेलं तरी चालेल, भाई. चारचौघांत रांगणार नाही."

तुला आठवतं का? तुझे पहिले कॅलिपर मी बांधले तेव्हा तू एवढीशी होतीस. दिवाळीला देवघरात ठाकोरजींपुढे तुझ्या आईने, बांनी, तुला बूट काढायला सांगितले. शेठ म्हणाले, "तिचे पाय बाहेर ठेवून तिला आत कशी नेतेस? ठाकोरजींना चालत नसेल तर मीही बाहेर बसतो." आणि तुला बुटांसकट आत नेलं. बा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बिपिनभाई तेव्हा तिथेच होते, हातात प्रसादाची वाटी घेऊन. बापाचा पुतळा उभा केला आणि बापच विसरले. ही कार्यशाळा शेठनी कुणाचे पाय बघून काढली, हे तरी त्यांनी विसरायला नको होतं.

मी फार शिकलेला नाही. रोज देवापुढे बसतो, मन शांत होईल म्हणून. या वेळी झालं नाही. आज पूनम. सकाळी देवाला नमस्कार केला, नट-बोल्ट खोलायचे पाने घेऊन गेलो आणि पुतळ्याचे बोल्ट सोडवले. मुलांनी दोर धरला. शेठना कार्यशाळेत जमिनीवर, कानस मारायच्या बाकाशेजारी ठेवलं. जशोदाला निरोप धाडला होता. ती आली, उभ्यानेच हार घातला आणि कामाला बसली. बिपिनभाई तुला फोन करतीलच. म्हणतील, नारणने आमच्या बापाला पायताणांत आणून ठेवलं. ते खरं आहे. मीच ठेवलं.

तुझाच,
नारणभाई